आईला कळता कामा नये

औषधांच्या दुकानातला म्हातारा बाटल्या पिशवीत भरत होता आणि माझ्याकडे न बघता, सहज, त्यानं विचारलं, "आई कशा आहेत?" मी म्हणाले, "छान आहे! कालपासून सूप पण जातंय थोडं." एवढंच. पण बोलले आणि तिथंच, काउंटरला टेकल्या टेकल्या, मला धस्स झालं. धस्स झालं ते बोलण्याच्या चालीनं. 'छान'वर आवाज उंच न्यायचा, 'आहे'वर तो चटकन सोडून द्यायचा, आणि समोरच्याला काही विचारायची संधी मिळू नये म्हणून लगेच खाण्यापिण्याचा एखादा पुरावा पुढे करायचा. ही चाल माझ्या ओळखीची होती. ओळखीची कसली, त्या चालीवर तर माझं पोट भरतं. मी मानववंशशास्त्र शिकवते आणि माणसं कशी मरतात, मरताना त्यांच्याजवळ कोण बसतं, काय बोलतं, काय गिळून टाकतं, याचा अभ्यास करते. शहराच्या टोकाला, बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह आहे, तिथे खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून मी वर्षानुवर्षं बसले आहे. परवानगी घेऊन, रेकॉर्डर मांडीवर ठेवून. नंतर वर्गात ते आवाज ऐकवायची, आणि कुणाची मुलगी, कुणाचा नवरा 'छान आहेत!' म्हणाला की बोट वर करून थांबवायची. "ऐकलंत? इथून थापा सुरू." पोरं हसायची. मीही हसायची, मेली. म्हाताऱ्यानं पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "चांगलं झालं, सूप जातंय ते." त्याच्याही आवाजात तीच चाल होती, त्यालाही सगळं माहीत होतं, वेदना मारायच्या त्या बाटल्या कुणाला लागतात हे औषधवाल्याला कळणार नाही तर कुणाला. मी सुटे पैसे न घेताच बाहेर पडले.

घरी जाताना चढ लागतो. एका हातात पिशवी, डोक्यात माझंच पुस्तक. त्यात मी या प्रकाराला 'गोड मुकेपणा' असं नाव दिलं होतं आणि नाव चाललं. परिषदांमध्ये लोक ते अजून वापरतात, मला चहाच्या टेबलाशी गाठून कौतुक करतात. म्हणणं असं होतं की मरणाऱ्याला माहीत असतं आपण मरतोय, घरच्यांना माहीत असतं तो मरतोय, आणि दोन्ही बाजू एकमेकांसमोर पुढच्या वर्षाच्या गप्पा मारतात. त्यात तो बिचारा एकटा पडतो. मरायचंही त्यानंच, आणि वर घरच्यांची मनंही त्यानंच सांभाळायची. फार तावातावानं लिहिलं होतं मी. नातेवाइकांना भेकड म्हटलं होतं एके ठिकाणी, आणि संपादकानं तो शब्द काढायला सांगितल्यावर भांडून ठेवला होता. आता त्याच भेकडांच्या रांगेत मी उभी होते आणि रांग आमच्याच घराच्या दारापर्यंत गेली होती. घरात आई होती, तिच्या पोटात बरी न होणारी गाठ होती, आणि दादा होता.

दादा माझ्याहून मोठा. लिफ्ट दुरुस्त करतो. अंगानं हा एवढा, आणि साबणाच्या जाहिरातीत बाळ दिसलं तरी याचे डोळे भरून येतात. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो राहून गेलं, जसं काही गॅस बंद करायचा राहून गेला. आईजवळ तोच राहतो, मी शहराच्या दुसऱ्या बाजूला राहायचे ते हे सगळं सुरू झाल्यावर बॅग घेऊन इकडे आले. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना जिन्यात बोलावून सांगितलं होतं की आता त्रास कमी करणं एवढंच आपल्या हातात आहे, फार वेळ नाही. दादा कठड्याला धरून ऐकत होता. त्या खाली उतरल्यावर तो म्हणाला, "आईला कळता कामा नये." मी तिथंच त्याचा वर्ग घ्यायला लागले. आजारी माणसाचा हक्क, अमुक देशातले अनुभव, तमुक अभ्यास. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "प्रोफेसरबाई, तुझ्या पुस्तकातली माणसं कोण कुठली होती. ही आई आहे." मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, दार उघडलं आणि आत जाऊन मोठ्यानं म्हणाला, "आई, डॉक्टर खूश आहेत तुझ्यावर!" मी जिन्यातच उभी राहिले. मला इतका संताप आला होता की चपला घालून निघूनच जावंसं वाटलं.

त्या दिवसापासून घरात जे काही चाललं होतं ते बघवत नव्हतं. दादा न्हाणीघरात आधाराला दांडा बसवायची मापं घ्यायचा, बरी झालीस की उठताना धरायला होईल म्हणून. बाल्कनीच्या कठड्याला रंग द्यायचं काढायचा. आणि आई, जिला कुशीवर वळायला आमचे दोघांचे हात लागत, ती उशीवरून सांगायची, "पांढरा नको रे देऊस, मळखाऊ काहीतरी बघ." रंगाची चर्चा अर्धा अर्धा तास. मी दाराशी उभी राहून दोघांचे चेहरे बघायची. ती त्याला फसवतेय की तो तिला, की कुणालाच काही माहीत नाही? शुश्रूषागृहात मला एका नजरेत कळायचं. इथं मात्र काही म्हणता काही कळत नव्हतं. आई रोज थोडी जास्त झोपत होती. जागी असण्याचा काळ दिवसेंदिवस आखूड होत चालला होता, आणि मला तिच्याशी एकदा, फक्त एकदा, खरं बोलायचं होतं. तिला भीती वाटते का ते विचारायचं होतं. मला तिच्याशिवाय कसं जमणार ते तिलाच विचारायचं होतं. ती झोपेत बुडून जायच्या आत हे झालं नाही, तर पुढे जन्मभर मी लोकांच्या आयांच्या खोलीत खुर्ची टाकून बसणार आणि माझ्या आईशी कठड्याच्या रंगावर बोलले एवढंच माझ्या हाती राहणार. याची मला भीती वाटत होती, दुसऱ्या कशाचीच नाही.

म्हणून त्या दिवशी चढ संपायच्या आत मी ठरवलं. दादाला पिटाळलं, लांबच्या मोठ्या दुकानात तोटीचा पेला मिळतो तो घेऊन ये, आईला पडल्या पडल्या पिता येईल. तो गाडीची किल्ली घेऊन लगेच निघाला. काहीतरी आणायचं असलं की त्याला बरं वाटे. मी आईच्या खोलीत गेले. ती जागी होती. खिडकीतून उजेड तिच्या हातावर आला होता आणि ती तो हात बघत होती, उलटसुलट करून. हे हात मी किती बघितले आहेत. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. लहानपणी शाळेतून आले की टेबलावर कागदांची चवड, तिच्या बोटात लाल पेन्सिल, आणि ओठांची न दिसणारी हालचाल. मजकूर कसला का असेना, विहिरी खणण्याचा, पोटदुखीचा, प्रेमाचा, ती त्याच मुद्रेनं वाचायची. चांगलं होतं का गं पुस्तक, असं विचारलं की म्हणायची, "मला काय माहीत, मी अक्षरं बघते. मजकूर ज्याचा त्याचा." मी खुर्ची ओढून बसले. आणि माझ्या तोंडून तो प्रश्न आला, जो मी कोण कोण परक्या माणसांना विचारत आले आहे. हा प्रश्न मीच घडवला, घासूनपुसून गुळगुळीत केला. त्यात आपण काही सांगत नाही, फक्त दार किलकिलं करतो. "आई, तुझ्या आजाराबद्दल तुला काय सांगितलंय सगळ्यांनी?"

आई म्हणाली, "सूज आहे म्हणे आतड्याला. औषधानं उतरेल."

मी थोडी थांबले. थांबायचं असतं. मग हळूच म्हणाले, "आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

आई हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाठीमागे हात घालून तिला वर धरलं, तरी तिचं हसू थांबेना. "दुसरा प्रश्न," ती म्हणाली. "आता तू गप्प बसणार. मी बोलेपर्यंत खिडकीबाहेर बघणार, डोळ्यांत नाही बघायचं, दडपण येतं माणसाला. हो ना?"

"तुला कसं माहीत?"

"अगं बयो, तुझं पुस्तक तपासलं कुणी? निवृत्त झाले होते तरी छापखान्यातून मागून आणलं होतं मी. दोनदा वाचलंय, ओळ न् ओळ."

खरंच की. मी विसरूनच गेले होते. तेव्हा तिनं कागदांचा गठ्ठा परत दिला होता, लाल खुणांसकट, आणि एका शब्दानंही मजकुराबद्दल बोलली नव्हती. मी मनातून खट्टू झाले होते. मलाही विचारावंसं वाटलं नाही. मरणाचं पुस्तक, आईला कसं विचारायचं कसं वाटलं म्हणून.

"मग तेव्हा बोलली का नाहीस काही?"

"मजकूर ज्याचा त्याचा," ती म्हणाली. मग डोळे मिटून घेतले, मला वाटलं झोपली. पण म्हणाली, "आता विचारतेस तर सांगते. त्या घरच्या माणसांना तू फार झोडपलंयस. मला नाही आवडलं ते."

"खोटं बोलतात ती माणसं, आई."

"बोलू देत की. त्यांना दुसरं काही करता येत नसेल." तिनं माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण धरलं. "तुझा दादा. त्याला मला उचलता येतं, पण बरं करता येत नाही. सगळ्या जगाच्या लिफ्टा चालू करतो तो, आणि घरात हे असं. रोज सकाळी उठून मला फसवायचं, एवढं एकच काम आहे आत्ता त्याला. मन लावून करतो बिचारा. ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नकोस."

म्हणजे हिला सगळं माहीत होतं. कठड्याचा रंग, दांड्याची मापं, सगळं माहीत असून ही रोज मळखाऊ रंग मागत होती. माझ्या पुस्तकात हिच्यासारख्यांवर एक अख्खं प्रकरण होतं, एकट्या पडलेल्या, मनं सांभाळून दमलेल्या, आणि हीच बाई मला सांगत होती की तिला ते आवडतंय. मी तिला विचारलं, दमत नाहीस का. ती म्हणाली, दमते ना, पण तो आत आला की जरा कुणाची तरी आई असल्यासारखं वाटतं; एरवी दिवसभर नुसती आजारी असते. मग माझा बांध फुटला. एवढ्या वर्षांत कुणाच्याही खोलीत मी रडले नव्हते, रडायचं नसतं आमच्यात. "आणि माझं काय?" मी म्हणाले. "त्याचं मन सांभाळतेस, माझं काय? मला नाही गं असं नाटक जमत. मला तू हवी आहेस. मला सांग ना, मी काय करू तू नसलीस की?" शेंबूड, पाणी, सगळं एकदम. आईनं मला ओढलं, म्हणजे ओढल्यासारखं केलं, मीच तिच्या कुशीत डोकं घातलं. तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि त्याच्या खाली तिचा स्वतःचा.

"तुझ्याशी खरं बोलते ना मी," ती माझ्या केसांत म्हणाली. "जाणार आहे मी, बयो. मलाही वाईट वाटतंय. तुम्हा दोघांना सोडून जायचं अजिबात मनात नाही माझ्या. बास? आणि तू काय करशील म्हणजे? रडशील, मग चिडशील, मग कामाला लागशील. लहानपणापासून हेच करतेस." मी तिला विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, "एकाच गोष्टीची. शेवटी दादा घाबरेल आणि दवाखान्याची गाडी बोलावेल. फ्रिजवर नंबर चिकटवलाय बघ त्यानं, एवढा मोठा. मग ते नेतील, नळ्या घालतील, कुणीतरी अनोळखी माणूस छातीवर दाबत बसेल. मला इथंच राहायचंय. या खोलीत. तुम्ही दोघं असताना." मी म्हणाले, मग त्याला सगळं सांगावंच लागेल, आजच सांगते. तिनं मान हलवली. नाही. त्याला कळू द्यायचं नाही, आणि गाडीही येऊ द्यायची नाही. "अगं, पण ते जमायचं कसं?" आई म्हणाली, "डॉक्टरेट तुझी आहे, माझी नाही." आणि तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. मी तोंड पुसलं. दादा जिना चढून आत आला, हातात तोटीचे तीन पेले, तीन रंगांचे, आणि आईनं मान जेमतेम वळवून विचारलं, "आलास? काय रे, त्या दांड्याला स्क्रू कसले लावणारेस, गंजणार नाहीत असे बघ हं." दादा तिच्या पलंगावर टेकला आणि स्क्रूंचं सगळं शास्त्र सांगायला लागला. मी निळा पेला विसळायला घेतला.

त्यानंतर आम्हा दोघींचं एकांतात थोडंथोडं खरं बोलणं झालं. फार नाही. एकदा ती म्हणाली की बाबा गेले तेव्हा तिला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग वर्षभर त्याचीच लाज वाटली. तुला तसं वाटलं तर लाजू नकोस, म्हणाली. एकदा माझे केस फार पांढरे झालेत म्हणाली. मग बोलणं कमी होत गेलं. मी डॉक्टरबाईंना गाठून सगळं विचारून ठेवलं, आईला काय हवंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी होऊ शकतं, मी औषधं देऊन ठेवते, वाटेल तेव्हा फोन करा, फक्त ऐन वेळी घरातलं कुणी हबकून भलतं करायला नको. ते कुणी म्हणजे दादा. मी त्याच्याशी बोलायचं रोज ठरवत होते आणि रोज तो दांडा पॉलिश करत बसलेला दिसला की मी विषय बदलायची. बाहेर एवढी भाषणं ठोकणारी मी, घरात मूग गिळून बसले होते.

मग ती दुपार आली. आई सकाळपासून डोळे उघडत नव्हती. जेवणं झाल्यावर तिचा श्वास बदलला; लांब श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा एक ओढून घेतलेला. हे मी कितीतरी वेळा ऐकलंय. यापुढे काय होतं ते मला माहीत होतं आणि माहीत असण्याचा काडीइतका उपयोग नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, येते मी, तोवर तोंड ओलं ठेवा, जवळ बसा. खोलीत परत येते तो दादा पलंगापाशी उभा. त्यानंही ऐकलं होतं. "हे काय होतंय?" तो म्हणाला. "हे काय गं होतंय तिला?" आणि माझ्या बाजूनं धडपडत फ्रिजकडे धावला. मी मागोमाग गेले. फोन त्याच्या हातात होता, तो आकडे दाबत होता. आता सांगायचं, मी मनाशी म्हटलं, आता खरं सांगायचंच. तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना माझा आवाज ऐकू आला. "दादा, डॉक्टरबाईंशी बोलले मी आत्ता. औषध लागू पडलंय म्हणाल्या. श्वास असा होतो त्यात. शांत झोपू द्या, हलवू नका, हलवलं तर उगाच त्रास होईल तिला. त्या येतायत."

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे आईसारखे आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. "लागू पडलंय?" त्यानं विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की, दादा."

तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. फोनमधून कुणाचा तरी आवाज येत होता, हॅलो, हॅलो, पत्ता सांगा. त्यानं तो बंद केला आणि फ्रिजवर उपडा ठेवला. "मग झोपू दे," तो म्हणाला. "मी काय करू?"

"तिच्या उशाशी बस. बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

ते मला कुठे माहीत होतं. पण त्याचं त्यालाच सुचलं. लिफ्ट मध्येच अडकली की आत सापडलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलत राहावं लागतं, ते त्याच्या कामातच येतं. साथीदार वर मोटारीशी खटपट करत असतात आणि हा बंद दाराला तोंड लावून बोलतो. तसाच तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला, तोंड आईच्या कानाजवळ नेलं. "आई, मी आहे हं इथंच. कुठे जात नाहीये. काळजी करायचं काही काम नाही. ही पण आहे, तुझी प्रोफेसर, नाक लाल करून बसलीये. बाहेर ऊन मस्त पडलंय. बाल्कनीचा रंग वाळला बघ, हात लावून बघितला मी सकाळी, चिकटत नाही. तू म्हणालीस तोच आणला, मातकट. वाईट दिसतो गं, खरं सांगू का, पण तुझी निवड." तो बोलत राहिला. गल्लीतल्या कुत्र्याचं, वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईचं, त्याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या त्याचं. मी पलीकडच्या बाजूला बसून कापसानं तिचे ओठ ओले करत होते, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू निवळल्या.

मग एक श्वास आला आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. मी वाट पाहिली. कितीतरी खोल्यांत मी या क्षणी घड्याळाकडे बघितलंय; आज बघितलं नाही. मला कळलं होतं. दादा बोलतच होता. कांजिण्यांच्या वेळी आईनं त्याला रात्रभर कसं गोष्टी सांगून खाजवू दिलं नाही, ते तो सांगत होता, आणि मधेच हसत होता. कसं थांबवू त्याला? मी आईचा हात धरून बसले आणि त्याला बोलू दिलं. संपू दे त्याचं बोलणं, आपणहून थांबेल तेव्हा सांगू. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं. त्याची गोष्ट संपली, मग त्यानं दुसरी काढली, मग तीही संपली, आवाज चिरकायला लागला तरी तो बोलतच राहिला, नुसतं आई, आई गं, असं. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. पलंगावरून हात पुढे करून मी त्याच्या खांद्यावर ठेवला.

"दादा," मी म्हणाले. "गेली रे."

त्यानं मान वर केली नाही. आईच्या उशीत तोंड ठेवूनच म्हणाला, "माहितीये मला. मघाशीच गेली."

"मग बोलत का होतास?"

"बोलणं थांबवलं असतं तर तुला कळलं असतं ना," दादा म्हणाला.